कुंकवाचा लाकडी करंडा लेथवर कातण्याची रीत

लेथवर कातलेल्या छोट्या करंड्यात कारागिराचा खरा कस लागतो तो झाकण आणि खालचे भांडे जिथे एकमेकांत बसतात त्या सांध्यात. तिथे भांड्याचा गळा झाकणाच्या आतल्या खाचेत शिरतो. बाहेरचा आकार थोडा बसका झाला किंवा झाकणावरचा कळस, म्हणजे धरायचे टोक, जरा जाड राहिला, तरी करंडा वापरात राहतो. झाकण मात्र फार घट्ट असेल तर उघडताना बसणाऱ्या हिसक्याने कुंकू देव्हाऱ्यासमोर सांडते, आणि फार सैल असेल तर करंडा कलंडताच ते निसटते. त्यातच लाकूड हवेप्रमाणे फुगते आणि आकसते, त्यामुळे उन्हाळ्यात अगदी बेताचे वाटलेले झाकण आषाढात हलेनासे होते. म्हणून पुढे दिलेला कामाचा क्रम हत्यार चालवण्याच्या सोयीने ठरवलेला नसून या सांध्याच्या सोयीने ठरवलेला आहे, आणि घाई असली तरी तो बदलू नये.

येथे साधारण ६० मिमी व्यासाचा आणि झाकणासह सुमारे ९५ मिमी उंचीचा करंडा गृहीत धरला आहे. वाचकाने लेथवर पूर्वी दांडा, लाटणे किंवा मेणबत्तीचा स्टँड यांसारखी एखादी भरीव वस्तू कातलेली आहे, असेही धरले आहे. ज्यांनी लेथला कधी हात लावलेला नाही, त्यांनी आधी चार-सहा दांडे गोल करावेत आणि मग पोकळ कामाकडे वळावे.

लाकूड निवडताना

शिसव, साग, बाभूळ, हळदू, शिवण, आंबा यांपैकी कोणतेही लाकूड चालते, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो. शिसव दाट आणि घट्ट असल्याने गळ्याची पातळ कड टिकवून धरतो व त्यावर झिलई उत्तम येते. मात्र त्याच्या धुळीने काहींना खाज सुटते, काहींचा श्वास कोंडतो. साग सहज मिळतो आणि इतर लाकडांच्या मानाने कमी हलतो, पण त्यात सिलिका असल्याने हत्याराची धार लवकर जाते. आंबा स्वस्त आहे, सरावासाठी चांगला आहे, परंतु त्याचे तंतू अनेकदा उलटसुलट असतात आणि धार बोथट असली की ते उपटून येतात. लाखेचा रंग चढवायचा असेल तर हळदू किंवा काळा कुडा यांसारखे फिक्या रंगाचे, बारीक पोताचे लाकूड घ्यावे. चन्नपट्टणची आणि आंध्रातल्या एटिकोप्पाकाची लाखेची खेळणी याच काळ्या कुड्याच्या जातीच्या लाकडाची होतात. पहिल्या करंड्यासाठी जुन्या पलंगाचा सागवानी पाय मिळाला तर दुसरे काही शोधू नये. लाकूड अनेक पावसाळे पाहिलेले असते आणि बहुतेक वेळा फुकट मिळते. त्यात मोडलेला खिळा राहिलेला नाही ना, एवढे मात्र चुंबक फिरवून पाहावे.

तुकडा ६५ × ६५ × १३० मिमी असावा आणि तंतू त्याच्या लांबीच्या दिशेने गेलेले असावेत. ही अट सोडता येत नाही. लाकूड तंतूंच्या लांबीत जवळजवळ हलत नाही, जे काही हलते ते आडव्या दिशेत. तंतू आडवे ठेवून कातलेल्या करंड्याचे तोंड एका बाजूने हलते आणि दुसऱ्या बाजूने मुळीच हलत नाही, त्यामुळे ते लवकर लंबगोल होते. खोडाचा नेमका मध्यबिंदू ज्या तुकड्यात आला आहे तोही टाळावा, कारण वाळताना त्या बिंदूपासून बाहेरच्या बाजूला चीर जाण्याची शक्यता फार असते.

तंतू उभे ठेवले म्हणजे सगळे प्रश्न मिटतात, असेही नाही. वार्षिक वलयांच्या रोखाने लाकूड जेवढे आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या रोखाने आकसते. सागाचे ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंतचे आकुंचन वलयांच्या रोखाने सुमारे ५ ते ६ टक्के आणि केंद्र-साल रोखाने सुमारे २.५ टक्के धरतात. आता ढोबळ हिशेब करू. कोरड्या दिवसांत लाकडातला ओलावा ९ टक्क्यांच्या आसपास असला आणि पावसाळ्यात तो १५ टक्क्यांवर गेला, तर ४८ मिमी व्यासाचा गळा एका रोखाने साधारण अर्धा मिलिमीटर आणि दुसऱ्या रोखाने पाव मिलिमीटर फुगतो. म्हणजे तो पाव मिलिमीटरने लंबगोल होतो. झाकणही तेवढेच आणि तसेच लंबगोल होत असल्याने, दोन्हींच्या रेषा जुळवून झाकण ठेवले तर ते बसते; पाव फेरा फिरवून ठेवले तर गळ्याची लांब बाजू खाचेच्या अरुंद बाजूवर येते आणि झाकण अडते. पावसाळ्यात झाकण अडकल्याच्या बऱ्याच तक्रारींमागे एवढेच कारण असते, आणि त्यावरचा पहिला उपाय झाकण फिरवून पाहणे हाच आहे. झाकण आणि भांडे एकाच तुकड्यातून, एकाखाली एक काढायचे ते केवळ रेषा सलग दिसाव्यात म्हणून नव्हे. दोन्ही एकसारखे हलावेत, हा त्यातला मोठा फायदा असतो.

तुकडा वाळला आहे की नाही हे स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावरही समजते. दर आठवड्याला वजन करून तुकड्यावरच पेन्सिलीने लिहीत जावे, आणि सलग तीन-चार आठवडे वजन बदलले नाही तर लाकूड त्या जागेच्या हवेशी जुळले असे समजावे. पावसाळ्याच्या दिवसांत ही कसोटी फसवी ठरते. वजन स्थिर असते, पण ते ओल्या हवेतले असते. त्यामुळे शक्य असेल तर शेवटचे काम दिवाळीनंतर करावे.

यंत्र, हत्यारे आणि अंगावरचे कपडे

लाकूड एका टोकाने धरून ठेवणारा, स्वयंकेंद्री चार जबड्यांचा चक या कामाला लागतोच. हत्यारांमध्ये लाकूड गोल करण्यासाठी रफिंग गाऊज, १० मिमीचा स्पिंडल गाऊज (पन्हळीसारख्या पात्याचे हत्यार), चर पाडण्यासाठी व तोडण्यासाठी ३ मिमीचे अरुंद पार्टिंग टूल, एक गोल तोंडाचा आणि एक चौकोनी तोंडाचा स्क्रेपर (लाकूड खरवडणारे सपाट हत्यार) आणि जमल्यास तिरप्या धारेचा स्क्यू एवढे पुरते. टेलस्टॉकमध्ये, म्हणजे लेथच्या सरकत्या टोकाच्या आधारात, बसणारा ड्रिल चक आणि सपाट तळाचे भोक पाडणारे २५ मिमीचे फोर्स्टनर बिट असेल तर पोकळीचे निम्मे काम हलके होते. मोजण्यासाठी व्हर्नियर कॅलिपर हवाच, कारण गळ्याच्या मापात एक दशांश मिलिमीटरलाही अर्थ असतो.

पोकळीत काम करताना हत्यार टेकूपासून बरेच पुढे जाते, तंतूंची आडवी कापलेली टोके धार लवकर खातात, आणि बोथट हत्यारावर जोर दिला की ते अडकून उसळते. म्हणून झाकण पोखरण्यापूर्वी एकदा आणि भांडे पोखरण्यापूर्वी एकदा, अशी धार दोनदा तरी लावावी.

चेहऱ्यावर पूर्ण फेस शील्ड असावे. नुसता चष्मा पुरत नाही. लांब बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी, मनगटातला धागा यांपैकी काहीही लोंबकळू देऊ नये आणि फिरत्या लेथवर हातमोजे कधीही घालू नयेत. टूल रेस्ट, म्हणजे हत्याराचा टेकू, लाकडापासून ३ ते ५ मिमी अंतरावर लावून, बटण दाबण्यापूर्वी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहावे. घासकाम करताना धुळीचा मास्क लावावा, शिसवाच्या बाबतीत तर नक्कीच.

गोल करणे आणि दोन भाग वेगळे करणे

दोन्ही टोकांना कर्ण काढून मध्य काढावा आणि तुकडा लेथच्या दोन सेंटरमध्ये (टोकदार आधारांमध्ये) घट्ट धरावा. कोपरे जाईपर्यंत वेग मिनिटाला ८०० ते १००० फेऱ्यांच्या आत ठेवावा. पूर्ण गोल झाल्यावर तो १८०० पर्यंत नेता येतो. व्यास ६३ मिमीवर आला की थांबावे, कारण दुसऱ्या खेपेला पुन्हा खरा गोल करण्यासाठी थोडी जागा हवी असते.

आता दोन्ही टोकांना चकमध्ये पकडण्यासाठी कुसू, म्हणजे आखूड गोल खुंटी, काढावे. त्याची लांबी ६ मिमी पुरे. व्यास मात्र आपल्या चकवरून ठरवावा: जबडे ज्या उघडीला जवळजवळ पूर्ण वर्तुळ करतात, त्या मापाचे कुसू सर्वांत घट्ट धरले जाते, आणि बहुतेक ५० मिमीच्या जबड्यांना ते पन्नाशीच्या अलीकडेच येते. कुसवाचे टोक चकच्या तळाला टेकता कामा नये. त्याच्या मुळाशी असलेली सपाट पायरी जबड्यांच्या तोंडावर चपखल बसली पाहिजे. या पायरीत जरा जरी उंचवटा राहिला तरी लाकूड डुलते, आणि मग पुढे कितीही काळजी घेतली तरी गळा खरा गोल येत नाही.

त्यानंतर झाकणाच्या टोकापासून ४५ मिमीवर पेन्सिलीची रेघ मारून, तिच्यापासून भांड्याच्या दिशेने १० मिमी रुंदीची चर पार्टिंग टूलने ५० मिमी व्यासापर्यंत उतरवावी. या चरीतच पुढे भांड्याचा गळा तयार होणार आहे. तोडण्याचा काप चरीच्या झाकणाकडच्या बाजूला घ्यावा, पण अगदी भिंतीला खेटून घेऊ नये. झाकणाच्या बाजूला चरीचा अर्धा ते एक मिलिमीटर भाग शिल्लक राहू द्यावा. झाकण चकमध्ये धरल्यावर त्याच्या तोंडावर ५० मिमीचे एक उंचवट्याचे वर्तुळ दिसते आणि खाच कुठपर्यंत न्यायची याची खूण आयती मिळते. काप १० ते १२ मिमी व्यास उरेपर्यंतच लेथवर घ्यावा. त्यापुढे यंत्र बंद करून बारीक दातांच्या करवतीने दोन भाग वेगळे करावेत.

तोडण्यापूर्वी चरीच्या दोन्ही बाजूंना जाणारी एक उभी पेन्सिलीची खूण करायला विसरू नये. रेषा जुळवण्यासाठी ती शेवटपर्यंत उपयोगी पडते.

येथे धीराची एक पायरी येते. झाकण आतून साधारण ३५ मिमी व्यासाचे व १५ मिमी खोल असे ढोबळ पोखरावे, भांड्यात २५ मिमीचे भोक ४५ मिमी खोल पाडावे आणि दोन्ही भाग कागदी पिशवीत घालून दोन-तीन आठवडे सावलीत ठेवून द्यावेत. भरीव लाकडात अडकलेला ताण आणि ओलावा आतला भाग काढल्यावरच मोकळा होतो, आणि ते होत असताना तोंड थोडे वाकडे होतेच. हा वाकडेपणा आत्ता आला तर दुसऱ्या खेपेच्या कातकामात निघून जातो. विश्रांती न देता एका बैठकीत पुरा केलेला करंडा त्या संध्याकाळी निर्दोष असतो. महिन्याभराने तसा राहीलच असे नाही. पलंगाच्या जुन्या पायासारखे मुरलेले लाकूड असेल तर एक रात्रही पुरते.

आधी झाकण

झाकणाचे कुसू चकमध्ये धरून तोंड सपाट करावे, पण चरीची खूण पुसली जाणार नाही इतक्या बेताने. सपाट म्हणजे नेमके सपाट, किंवा मध्याकडे किंचित खोलगट. मध्य उंच राहिला तर झाकण आणि भांडे यांच्यात बाहेरून फट दिसते.

आतली घुमटाकार पोकळी स्पिंडल गाऊजने मध्यापासून बाहेरच्या दिशेने काढावी. लाटणे कातताना जाड भागाकडून बारीक भागाकडे यायचे असते. इथे तंतूंची टोके समोर असल्याने हत्यार मध्यात खुपसून कडेकडे ओढावे लागते, म्हणजे प्रत्येक तंतूला मागच्या तंतूचा आधार मिळतो. गाऊजची नाळ (पन्हळ) घड्याळातल्या दहाच्या आकड्याकडे तोंड करून धरली आणि काप हलका घेतला की शिसवाचे सुद्धा लांब वळीव छिलके निघतात. छिलक्याऐवजी भुगा पडू लागला तर धार गेली असे समजून हत्यार परत सहाणेवर न्यावे. शेवटचे सफाईचे काप गोल स्क्रेपरने घ्यावेत. स्क्रेपरची मूठ किंचित वर आणि धार मध्यरेषेच्या केसभर वर असावी, म्हणजे ते अडकलेच तर खालच्या मोकळ्या जागेत उतरते आणि लाकडात घुसत नाही. एकूण खोली २० मिमीपेक्षा जास्त नेऊ नये, कारण वरच्या बाजूला कळसासाठी लाकूड राखायचे आहे.

मग खाच. चौकोनी स्क्रेपर लेथच्या अक्षाशी समांतर धरून ४८ मिमी व्यासाची व ७ मिमी खोल अशी सरळ भिंत काढावी. ही भिंत खरोखर समांतर असली पाहिजे. तोंडाशी आणि तळाशी अशी दोन मापे व्हर्नियरने घ्यावीत, त्यांत ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर अजून एक हलका काप घ्यावा. तोंडाशी रुंद आणि आत निमुळती झालेली खाच गळ्याला फक्त एका कडेवर धरते. असे झाकण बसवताना घट्ट वाटते, आणि काही दिवसांच्या वापराने ती एक कड झिजली की खडखड वाजू लागते. उलट, आत रुंद आणि तोंडाशी अरुंद झालेली खाच तर मुळीच उपयोगाची नाही.

आतली पोकळी २४० पासून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत, वेग ७०० फेऱ्यांवर आणून घासावी. खाचेच्या भिंतीला मात्र पेपर लावू नये. पेपर मऊ तंतू जास्त आणि कठीण तंतू कमी खातो, त्यामुळे हत्याराने आलेला खरा गोल बिघडतो. आतून शेलॅकचा (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा) एक पातळ हात द्यावा. कुंकवाच्या करंड्याला आतून तेल लावू नये, कुंकू ओलसर होऊन गोळे धरते.

गळा बसवणे

झाकण उतरवून भांडे चकमध्ये धरावे, तोंड सपाट करावे, बाहेरचा व्यास पुन्हा खरा गोल करून घ्यावा. गळा अजून सुमारे ५० मिमीचा आहे आणि खाच ४८ची. या दोन मिलिमीटरांपैकी पहिला दीड मिलिमीटर पार्टिंग टूलने निर्धास्त काढता येतो. उरलेल्या अर्ध्यासाठी घाई सोडून द्यावी.

प्रथम गळ्याच्या फक्त टोकाला, दोन मिलिमीटर लांबीपुरता, अगदी किंचित उतार द्यावा. यंत्र थांबवून झाकण टोकावर ठेवून पाहावे. बसत नसेल तर आणखी एक केसभर काप. झाकणाची कड उतारावर जेमतेम चढली की ते हलक्या हाताने दाबून अर्धा फेरा फिरवावे आणि काढावे. जिथे घर्षण झाले तिथे गळ्यावर एक बारीक, चकचकीत, काळपट वलय उमटलेले दिसते. फिक्या हळदूवर ते लगेच नजरेत भरते, शिसवावर ते पाहायला दिवा तिरपा धरावा लागतो. त्या वलयापाशी जो व्यास आहे तोच खाचेचा व्यास. आता गळ्याची बाकीची लांबी त्या वलयाच्या मापाला आणायची, एवढेच काम राहते. पार्टिंग टूल वलयाच्या जरा वर टेकवून, तिथून भांड्याच्या दिशेने अक्षाला समांतर, छिलक्याऐवजी धूळ पडेल इतका हलका काप न्यावा आणि दर कापानंतर झाकण लावून पाहावे.

वलय पूर्ण गोल न उमटता समोरासमोरच्या दोनच बाजूंना उमटले, तर दोन्हींपैकी एक भाग लंबगोल झाला आहे. भांडे नुकतेच कातलेले असल्याने बहुधा तो झाकणाचा दोष असतो, आणि अशा वेळी गळा बारीक करत बसण्यात अर्थ नाही. झाकण पुन्हा चकमध्ये घालून खाचेतून एक हलका काप घ्यावा आणि गळा नव्या मापाला आणावा.

या टप्प्यावर झाकण अंतिम मापापेक्षा घट्ट हवे. दाबून बसवले की स्वतःहून निघणार नाही आणि फिरत्या लेथवर बाहेरून काप घेतला तरी घसरणार नाही, इतके घट्ट. काप जास्त जाऊन ते सैल झालेच, तर गळ्यावर टिश्यू पेपरचा एक पदर ठेवून झाकण दाबावे. बाहेरचा आकार देण्यापुरते ते धरून ठेवते. भांड्याची खांद्याची पायरी झाकणाच्या तोंडाला सगळीकडून टेकते की नाही, हे उजेडासमोर धरून पाहावे. फट दिसली तर सहसा खाच उथळ असते किंवा गळा लांब असतो. गळा ६ मिमीवर आणला की काम होते.

बाहेरचा आकार

पेन्सिलीच्या खुणा जुळवून झाकण दाबून बसवावे आणि टेलस्टॉकचे फिरते सेंटर झाकणावरच्या कुसवाच्या मध्याला हलके टेकवावे. आता झाकण आणि भांडे मिळून एकच लाकूड आहे, असे समजून कातावे. झाकण आणि भांडे यांच्या उंचीचे प्रमाण साधारण २:३ ठेवले, म्हणजे ३८ मिमीचे झाकण आणि ५८ मिमीचे भांडे, तर ते डोळ्याला बरे दिसते. निम्मेनिम्मे केलेला करंडा डबीसारखा वाटतो. सर्वांत मोठा व्यास तोंडाच्या खाली, भांड्याच्या वरच्या तिसऱ्या भागात असावा, आणि बुडाचा व्यास ४५ मिमीच्या खाली जाऊ नये, नाहीतर ताटातल्या ताटात करंडा कलंडतो. घुमटाचा बाक आतल्या पोकळीच्या बाकाला साधारण समांतर जाऊ द्यावा. झाकणाची भिंत एकीकडे पाच आणि दुसरीकडे दहा मिलिमीटर झाली तर ती वेगवेगळी हलते, हे एक कारण; बोटांना ते जाणवते, हे दुसरे.

सांध्यावर स्क्यूच्या टोकाने एक मिलिमीटर खोल चर घ्यावी किंवा दोन्ही बाजूंना एकेक बारीक मणी काढावा. पुढे हवा बदलली की झाकण आणि भांडे यांच्या कडा केसभर वरखाली होणारच. सपाट पृष्ठभागावर तो फरक नखाला लागतो आणि डोळ्यालाही दिसतो, चरीत तो लपतो. करंड्यावर, डब्यांवर जिथे तिथे दिसणाऱ्या या चरी नक्षी म्हणून शोभतातच, पण त्यांचे काम वेगळे आहे.

कळस सर्वांत शेवटी कातावा. आधी कुसू बारीक करत आणावे, सांध्याभोवती मास्किंग टेपचे दोन वेढे द्यावेत आणि मगच टेलस्टॉक मागे घेऊन टोक पुरे करावे. दोन बोटांच्या पेरांत पकडता येईल अशी मान कळसाच्या खाली हवी. १० मिमीपेक्षा बारीक मान सागात टिकते, आंब्यात मोडते.

लाख किंवा शेलॅक

सावंतवाडीच्या चितारआळीतल्या लाकडी वस्तूंमुळे लाखेची झळाळी मराठी घरांना ओळखीची आहे, आणि करंड्याला ती जितकी शोभते तितकी दुसरी कोणतीही झिलई शोभत नाही. रंग मिसळलेली लाखेची कांडी फिरत्या, कोरड्या आणि ३२० नंबरपर्यंत घासलेल्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती मऊ होऊन पृष्ठभागावर उतरते. लाख सुमारे ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास वाहू लागते, त्यामुळे वेग १२०० ते १५०० फेऱ्यांचा ठेवावा लागतो. वेग कमी असेल तर लाख गाठींनी चिकटते. पट्टे उतरल्यावर बांबूच्या किंवा लाकडाच्या सपाट कामटीने ती सारखी पसरावी, आणि शेवटी वाळलेल्या केवड्याच्या पानाची घडी दाबून धरावी. पान पृष्ठभागावर सरकत जाते तशी मागे काचेसारखी चमक उमटते. पानाच्या कडेचे काटे आधी काढून टाकावेत.

लाखेचा थर गळ्यावर किंवा खाचेत जाऊ देऊ नये. एक दशांश मिलिमीटरचा थर दोन्ही बाजूंनी चढला तरी व्यासात दोन दशांशांची भर पडते आणि तासभर खपून आणलेले माप वाया जाते. सांध्याच्या चरीत उतरलेली लाख करंडा फिरत असतानाच स्क्यूच्या टोकाने मोकळी करावी, नाहीतर झाकण उघडताना तिथे टवका उडतो.

लाकडाची मूळ रेषा दाखवायची असेल तर शेलॅकचे तीन-चार पातळ हात आणि त्यावर मेणाचा हात पुरे. जवसाचे तेल वापरणाऱ्यांनी तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. उलगडून मोकळ्या हवेत वाळत घालावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी.

भांड्याची पोकळी आणि झाकणाचे शेवटचे माप

झाकण काढून भांडे पोखरावे. आधीच पाडलेल्या २५ मिमीच्या भोकाला फोर्स्टनरने गळ्याच्या तोंडापासून ५५ मिमीपर्यंत खोली द्यावी. वेग ५०० फेऱ्यांच्या आत ठेवावा, बिट वारंवार बाहेर काढून भुगा झटकावा आणि खोलीची खूण म्हणून बिटाच्या दांड्याला टेप लावावी. फोर्स्टनरच्या मधले टोक कडांपेक्षा पुढे असते, हे हिशेबात धरावे. मग गाऊज आणि गोल स्क्रेपरने पोकळी ४१ मिमी व्यासापर्यंत वाढवावी, म्हणजे गळ्याची भिंत साडेतीन मिलिमीटर राहते. तळ सपाट न ठेवता कडेला गोलाई द्यावी, म्हणजे शेवटचे कुंकूही बोटाला येते. तळाची जाडी ६ ते ७ मिमी राखावी.

आतले लाकूड निघाल्यावर गळा पुन्हा केसभर हलतो, आणि झाकणाचे शेवटचे माप इथवर राखून ठेवण्याचे कारण हेच. ते आता घ्यावे. स्क्रेपरच्या अगदी हलक्या कापाने गळा उतरवत न्यावा, आणि शेवटचा हात, गळ्याच्या बाबतीत एवढाच अपवाद, ४०० नंबरच्या पेपरचा द्यावा. किती सैल, हे करंड्याच्या वापरावर ठरते. पाश्चात्त्य पुस्तकांत झाकण निघताना हवेचा फुस्स असा आवाज यावा ही उत्तम कामाची खूण मानतात, आणि दागिन्यांच्या डबीला ते ठीक आहे. कुंकवाच्या करंड्याला ते मुळीच चालत नाही. एका हातात निरांजन असताना दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी झाकण उचलता आले पाहिजे आणि भांडे जागेवर राहिले पाहिजे. त्यासाठी कोरड्या दिवसांत केलेल्या करंड्याला व्यासात ०.३ ते ०.४ मिमीची मोकळीक ठेवावी. साध्या कागदाची तीन-चार पाने एकावर एक ठेवली की एवढी जाडी होते. आधी काढलेल्या पाव मिलिमीटरच्या लंबगोलाला ती पुरते. पावसाळ्यातच काम करावे लागले तरी मोकळीक तेवढीच ठेवावी, कारण पुढे लाकूड आकसल्यावर तेवढाच लंबगोल उलट्या दिशेने येतो. गळ्याच्या वरच्या कडेला अर्ध्या मिलिमीटरची गोलाई दिली की झाकण न पाहताही बसवता येते.

गळ्यावर मेणाचा किंचित हात फिरवावा. लाख, शेलॅक किंवा तेल लावू नये.

बूड पुरे करणे

भांडे तळाशी पार्टिंग टूलने तोडताना काप किंचित आतल्या बाजूला तिरपा घ्यावा. तळाची जाडी मोजून खात्री केल्याशिवाय हा काप सुरू करू नये. तोडलेले भांडे उलटे धरण्यासाठी चकमध्ये एखादा निरुपयोगी तुकडा पकडून त्यावर ४१ मिमीचा, समोरच्या बाजूला अगदी किंचित निमुळता होत जाणारा खुंट कातावा आणि भांडे त्यावर हलक्या हाताने दाबून बसवावे. खुंट आतून भिंतीला लागला पाहिजे. गळ्याच्या पातळ कडेवर दाब येत असेल तर खुंट आणखी बारीक करावा, नाहीतर गळा चिरतो. टेलस्टॉकचा आधार शेवटच्या क्षणापर्यंत ठेवून तळ मध्याकडे अर्धा मिलिमीटर खोलगट कातावा, म्हणजे करंडा फक्त कडेवर टेकतो आणि डुलत नाही. मधला उरलेला उंचवटा पटाशीने काढून पेपरने घासावा. तळाला शेलॅकचा हात द्यावाच. वरून लाख आणि खाली कोरडे लाकूड असे राहिले तर ओलावा एकाच बाजूने आत-बाहेर होतो आणि तळ वाकतो.

करंडा कुणाला द्यायचा असेल तर झाकणाच्या आत आणि गळ्यावर, बाहेरून दिसणार नाही अशी एकेक बारीक खूण करून ठेवावी आणि ती जुळवून झाकण लावायला सांगावे. पहिल्या पावसाळ्यात खुणा जुळवूनही झाकण अडले, तर गळ्यावर चकचकीत वलय कुठे उमटले आहे ते पाहून तेवढ्याच जागी ४०० नंबरचा पेपर दोन-चार वेळा फिरवावा. सगळा गळा घासू नये, कारण डिसेंबरात तेच झाकण मग खडखडू लागते.